एकोणपन्नास चिंचोके

(आपल्या प्रभागसंघाच्या वार्षिक मेळाव्यात आपल्यातल्याच एका ज्येष्ठ सदस्य, निवृत्त अंगणवाडी सेविका, यांनी केलेलं हे भाषण. मेळाव्याला न आलेल्या मैत्रिणींसाठी ते इथे देत आहोत. गटाच्या बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावं आणि बाकीच्यांनी हातात चिंचोके घेऊन बसावं, ही विनंती.)



आत येताना दारात प्रत्येकीच्या हातावर मूठभर चिंचोके ठेवले. एकीनं विचारलं, "मावशी, हा प्रसाद का काय?" प्रसादच समजा. पण खायचा नाही, मोजायचा. आता असं करा, मूठ उघडू नका. नुसता अंदाज सांगा, किती असतील? कोणी वीस म्हणतंय, कोणी चाळीस. बरं, आता उघडा आणि मोजा.

बघा बरं, कशा मोजताय तुम्ही. या ताई पाच-पाचचे ढीग लावतायत. त्या आजी दोन-दोन सरकवतायत. मागे बसलेल्या सूनबाईंनी चार-चारच्या रांगा मांडल्यात. हे कुणी शिकवलं तुम्हाला? शाळेत नाही शिकवलं. लाडू वळताना, अंडी विकताना, कडब्याच्या पेंढ्या मोजताना हातानं आपोआप शिकून घेतलं.

आणि याच आपण बाया. संध्याकाळी पोरगं वही घेऊन आलं की म्हणतो, "माझं गणित कच्चं आहे बाबा, तुझ्या पप्पांना विचार."

मला सांगा, गटातून पंधरा हजारांचं कर्ज घेतलं, शेकडा एक रुपया महिना व्याज आणि दहा हप्ते. पहिला हप्ता किती? झालं का? पंधराशे मुद्दल आणि दीडशे व्याज, सोळाशे पन्नास. पाटी नाही, पेन नाही, तरी पाच-सहा जणींनी लगेच सांगितलं. मग गणित कच्चं कुणाचं? आपल्याला गणित येतं. ते कागदावरचं येत नाही, एवढंच. आज मला एवढंच सांगायचं आहे की लहान मुलाला आधी लागतं ते हे आपलं हातातलं गणित. कागदावरचं त्याच्या मागून येतं. आपण मात्र उलटं करतो.

माझ्या थोरलीची गोष्ट

उलटं करायला मीच सगळ्यात पुढे होते. त्याची गोष्ट सांगते. इतकी वर्षं ती मी कुठल्या सभेत सांगितली नाही.

माझी थोरली दुसरीत होती. मी तेव्हा अंगणवाडीत नवीन लागलेले. दिवसभर दुसऱ्यांच्या लेकरांना गाणी म्हणून दाखवायची आणि घरी आले की माझ्या लेकीपुढे काठी घेऊन बसायची. एका संध्याकाळी तिला अंक घातले. म्हटलं, "लिही, एकोणपन्नास." तिनं लिहिलं ५१. मी म्हटलं, "परत लिही." परत ५१. तिसऱ्यांदाही ५१ लिहिल्यावर मी तिच्या हातावर छडी मारली. पोर रडली नाही. तिनं पाटी पुसली आणि माझ्या तोंडाकडे बघत बसली, आता मी काय सांगते ते लिहायला.

त्या दिवसापासून गणिताचं पुस्तक काढलं की तिच्या पोटात दुखायचं. आम्ही म्हणायचो नाटकं करते. पाचवीत गेली, सहावीत गेली, मागंच पडत गेली. शाळेतही तिला मागच्या रांगेत बसवलं. सातवीनंतर घरात बोलणं झालं, "हिला काही येत नाही, उगीच कशाला पाठवायचं?" हे मीही म्हटलं, फक्त तिचे वडील नाही. शाळा सुटली. अठरा भरायची वाट पाहिली आणि लग्न लावून दिलं.

बायांनो, पोरगी गणितात मागे पडते आणि मग शाळेतूनच सुटते, हे मी अंगणवाडीच्या नोकरीत किती घरांत बघितलं असेल! पोराला शिकवणी लावतात आणि पोरीला म्हणतात "राहू दे, तिला काय हिशोबच लिहायचेत का?"

पुढे बऱ्याच वर्षांनी आमचं एक प्रशिक्षण झालं. तिथे शिकवायला आलेल्या बाईंनी जमिनीवर चिंचोके मांडले, दहा-दहाच्या पाच ओळी. म्हणाल्या, "किती?" आम्ही म्हणालो, "पन्नास." त्यांनी एक चिंचोका उचलला. "आता?" "एकोणपन्नास." मग त्या म्हणाल्या, "या शब्दाचा अर्थच तो आहे. एक उणे पन्नास. पन्नासाला एक कमी. पण लहान मुलाला ऐकू काय येतं? एक आणि पन्नास. मग ते ५१ लिहितं. ते चुकत नाही, ते ऐकलेलं लिहितं."

मी तिथेच बसून राहिले. जेवायला उठवेना. माझ्या लेकीनं ऐकलं तसं लिहिलं होतं, आणि मी तिला मारलं होतं.

आपले आकडे अवघड आहेत, पोरं ढ नाहीत

हे जरा नीट समजून घेऊ. आपल्या मराठीत एकवीस म्हणताना आधी एक येतो, मग वीस. लिहिताना मात्र आधी २ आणि मग १. म्हणून पुष्कळ मुलं एकवीसला १२ लिहितात. त्र्याहत्तर आणि त्र्याऐंशी, अडुसष्ट आणि अठ्ठ्याहत्तर, मोठ्या माणसाचाही घोटाळा होतो. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस असं करत एकोणनव्वदपर्यंत सगळीकडे 'एक कमी'ची भानगड. आणि नव्व्याण्णवला ती रीतही सुटते.

तुम्हाला आठवत असेल, २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक', बावीसला 'वीस दोन' असं वाचायची रीत आली आणि केवढा गदारोळ झाला. चर्चा पार विधिमंडळापर्यंत गेली. बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख मंगलाताई नारळीकर होत्या. मोठ्या गणितज्ञ बाई, आणि मुलांसाठी सोप्या भाषेत गणित लिहिणाऱ्या. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की मुलाला जोडाक्षरं आणि उलटसुलट शब्द आड येतात, ते सोपं व्हावं. कुणाला ही रीत पटली, कुणाला नाही. आपण त्या वादात पडायला नको. पण आपल्या घरात एक गोष्ट करायला कुणाची परवानगी लागत नाही. पोर एकवीसला अडलं, तर म्हणायचं, "वीस आणि एक, म्हणजे एकवीस." दोन्ही म्हणायचं. शब्दही राहतो आणि अर्थही कळतो.

आकडे म्हणणं वेगळं, मोजणं वेगळं

आता घरी गेल्यावर एक परीक्षा घ्या. मुलाची नाही, आपली. आपण म्हणतो ना, "माझा बाळू चार वर्षांचा आहे, शंभरपर्यंत म्हणून दाखवतो." पाहुण्यांपुढे उभं करून म्हणायलाही लावतो. त्याला सांगा, "स्वयंपाकघरातून सात चमचे घेऊन ये." पुष्कळ लेकरं हातात मावतील तेवढे चमचे घेऊन येतील. कारण शंभरपर्यंतचे आकडे त्यानं गाण्यासारखे पाठ केलेत. गाणं येतं म्हणजे मोजता येतं असं नाही.

मोजायला तीन गोष्टी कळाव्या लागतात. एक, एका वस्तूला एकच आकडा. बोट पुढे धावतं आणि तोंड मागे राहतं, किंवा उलट होतं, तोवर मोजणी पक्की नाही. दुसरी, शेवटी म्हटलेला आकडा म्हणजे एकूण किती ते. लेकरू एक, दोन, तीन, चार, पाच असं मोजतं. आपण विचारलं, "मग किती आहेत?" की ते परत एकपासून सुरू करतं. म्हणजे पाच हे सगळ्यांचं मिळून नाव आहे, हे त्याला अजून उमगलेलं नाही. रागवायचं नाही. शेवटच्या आकड्याला सगळ्या वस्तूंवरून हात फिरवायचा आणि म्हणायचं, "पाच. सगळे मिळून पाच."

तिसरी गोष्ट गमतीची आहे. सहा चिंचोके जवळजवळ ठेवा. खाली दुसरे सहा लांब लांब ठेवा. चार-साडेचार वर्षांच्या मुलाला विचारा, "कुठे जास्त?" ते बहुतेक लांब रांगेकडे बोट दाखवेल. मोजून दाखवलं तरी म्हणेल, इथेच जास्त. पियाजे नावाच्या स्विस अभ्यासकानं हे दाखवून दिलं, आणि तुम्ही तुमच्या ओट्यावर आज संध्याकाळी बघू शकता. मूल खोटं बोलत नसतं. त्याच्या डोळ्याला लांब म्हणजे जास्त वाटतं. पुढे सात-आठ वर्षांचं होईपर्यंत, स्वतःच्या हातानं पुष्कळदा मांडून, सरकवून, जोड्या लावून ते त्यातून बाहेर येतं. सांगून येत नाही.

महागडं साहित्य नको

दुकानात आता गणिताच्या खेळण्यांचे डबे मिळतात. मणीमाळा, ठोकळे, रंगीत पट्ट्या. चांगले असतात, परवडत असतील तर जरूर घ्या. पण त्याच्यावाचून अडत नाही. आपल्या महाराष्ट्रातच हे दाखवून दिलं गेलंय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला, म्हणजे आताच्या पालघर जिल्ह्यात, खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी सुरू केली. पुढे त्या कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पाड्यांत गेल्या. माँटेसरीबाईंचं शिक्षण त्यांना पुरतं माहीत होतं, पण ते साहित्य महाग. मग त्यांनी खडे, बिया, पानं, शिंपले, काड्या घेतल्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द असा आला, मैत्रिणींनो. सरकारी योजना १९७५ साली २ ऑक्टोबरला सुरू झाली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. आणि जी मुलं गुरं राखायला जायची, त्यांच्यासाठी अनुताईंनी कुरणशाळा काढली. गुरं चरतायत, आणि तिथेच शिकणं चाललंय.

म्हणजे चिंचोके मांडून शिकवणं हे गरिबाचं कामचलाऊ शिक्षण नाही. मोठ्या बायांनी विचार करून उभं केलेलं शिक्षण आहे. लाजायचं कारण नाही.

काय करायचं, क्रमानं सांगते

तीन ते पाच वर्षं. या वयात अंक लिहायला बसवू नका. त्याची बोटंच अजून तयार नसतात. डाळ-तांदळाच्या मोठ्या दाण्यांची निवड, बटाटे-कांदे वेगळे करणं, चपलांच्या जोड्या लावणं, बांगड्या लहान-मोठ्या क्रमानं मांडणं हे सगळं गणितच आहे. जेवायला ताटं मांडायला सांगा. "आपण किती जण? मग ताटं किती? प्रत्येक ताटाला एक वाटी ठेव." एकाला एक लावणं म्हणजे मोजणीचा पाया. रांगोळी काढताना शेजारी बसवा. एक फूल, एक पान, एक फूल, एक पान, पुढे काय येईल? क्रम ओळखायला लागला की डोकं गणिताला लागलं समजा.

पाच ते सहा वर्षं. आता दहापर्यंतचं पक्कं करा. शंभराची घाई नको. दहा चिंचोके घ्या, दगडावर घासून त्यांची एक बाजू पांढरी करा. आपण सारीपाटाला, अष्टचंगला घ्यायचो तसे. खुळखुळवून टाका. किती पांढरे, किती काळे? सात आणि तीन. परत टाका, चार आणि सहा. दहाची फोड किती तऱ्हांनी होते, हे पोर आठ दिवसांत खेळून शिकतं. ही दहाची फोड ज्याला आली, त्याची पुढची बेरीज-वजाबाकी अर्धी झाली. जमिनीवर खडूनं एक ते वीस चौकोन आखा, टिकरी टाका, उड्या मारत मोजा. मागे येताना उलटं मोजा.

सहा ते आठ वर्षं. आता काड्या. तुरीच्या काड्या, खराट्याच्या काड्या, आगपेटीच्या काड्या गुल काढून, काहीही चालेल. दहा झाल्या की दोऱ्यानं किंवा रबरानं जुडी बांधायची. बांधायचं काम मुलानंच करायचं, आपण नाही. चौतीस म्हणजे तीन जुड्या, चार सुट्या. आता बघा, हातचा कसा कळतो. त्रेचाळीसमधून सतरा काढायचे. चार जुड्या, तीन सुट्या. सात सुट्या द्यायच्यात, पण आहेत तीनच. मग काय कराल? दुकानदाराकडे सुटे नसले की तो काय करतो? दहाची नोट मोडतो. एक जुडी सोडा. आता तीन जुड्या आणि तेरा सुट्या. सात दिल्या, सहा उरल्या. एक जुडी दिली, दोन उरल्या. सव्वीस. वहीत वरच्या आकड्यावर काट मारून जे लिहितात ना, ते म्हणजे ही सोडलेली जुडी. ज्या मुलानं जुडी सोडली नाही, त्याला ती काट म्हणजे मास्तरांची जादू वाटते.

अंक लिहायला आला की लग्नपत्रिका कापून पट्ट्या करा. मोठ्या पट्टीवर १०, २०, ३० असं नव्वदपर्यंत. छोट्या पट्टीवर १ ते ९. वीसच्या शून्यावर १ची पट्टी ठेवली की एकवीस दिसतो. उचलली की खाली वीस लपलेला दिसतो. शंभरच्या पट्टीच्या उजव्या टोकाला पाच ठेवला की १०५. मग मूल एकशे पाचला १००५ लिहीत नाही, कारण शून्य कुठे झाकलं गेलं ते त्यानं डोळ्यांनी बघितलंय.

आणि पाव, अर्धा, पाऊण. यात तर आपण मास्तर. भाकरी मोडायची, अर्धी. अर्धीची अर्धी म्हणजे चतकोर. चार चतकोर मिळून भाकरी. तीन चतकोर म्हणजे पाऊण. आजीकडे जुनं चिपटं-मापटं असेल तर माळ्यावरून काढा. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. पोराच्या हातात द्या, ज्वारी मोजू द्या, थोडी सांडू द्या. मग विचारा, पायलीत मापटी किती? आठ येतात की नाही ते त्याचं त्यालाच मोजू द्या.

काय करायचं नाही

मुलानं चूक केली की लगेच बरोबर उत्तर सांगू नका. विचारा, "तू कसं केलंस, मला दाखव." माझ्या थोरलीला मी हा एक प्रश्न विचारला असता, तर ती म्हणाली असती, "आई, तू एक म्हणालीस आणि पन्नास म्हणालीस." सगळं तिथंच उलगडलं असतं.

बोटांवर मोजलं तर हात खाली दाबू नका. गरज संपली की बोटं आपोआप खाली जातात. पोरीसमोर "माझं पण गणित असंच होतं" असं कधी म्हणू नका. लेकीला वाटतं, हे आईकडून आलंय, आता काही इलाज नाही.

आणि जपून. तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर चिंचोके, मणी, हरभरे त्याच्या हाती लागू देऊ नका, नाकात-घशात जातात. मोठ्या मुलांचा खेळ झाला की मोजूनच डब्यात भरायचे, त्यात मोजणीही होते. गुंजा आणि एरंडाच्या बिया दिसायला छान असतात, पण विषारी आहेत. त्या मोजायला कधीच घ्यायच्या नाहीत.

तुम्ही विचारलंत म्हणून

मघाशी चहाच्या वेळी एक ताई म्हणाल्या, "मावशी, मी अंगठेबहाद्दर. मला आकडा वाचता येत नाही, मी काय शिकवणार?" ताई, जुडी बांधायला आकडा वाचावा लागत नाही. उलट तुम्ही पोराला म्हणा, "मला येत नाही, तू मला शिकव." मूल जेव्हा आईला शिकवतं तेव्हा त्याचं पक्कं होतं. आणि होता होता तुम्हीही पासबुक वाचायला लागाल. आमच्या गटात असं झालंय.

दुसऱ्या एकीनं विचारलं, "मोबाईलवर गणिताचे खेळ येतात, ते दिले तर?" मोठ्या मुलाला सरावाला थोडा वेळ, आपण शेजारी बसून, द्या की. पण लहान मुलाला मोबाईलमधले आंबे उचलता येत नाहीत. पाच आंबे आणि पन्नास आंबे त्याच्या बोटाला सारखेच लागतात, काच गुळगुळीत. हातात जड-हलकं, कमी-जास्त कळायला खरी वस्तू लागते.

तिसरी म्हणाली, "वेळ कुठाय?" खरंय. पहाटे उठायचं, रान, पाणी, स्वयंपाक. म्हणून वेगळा वेळ काढा असं मी म्हणतच नाही. भाकरी थापताना मूल शेजारी असतंच. "किती झाल्या? किती राहिल्या?" एवढं विचारायला भाकरी थांबत नाही. बाजाराला नेलं तर दहा-दहाच्या नोटा त्याच्या हातून द्या, सुटे त्याला मोजून घेऊ द्या.

गटाकडे माझं मागणं

सरकारचं 'निपुण भारत' अभियान २०२१ साली सुरू झालं. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता यावं आणि साधं गणित यावं, असं त्यात ठरलंय. शाळेत माता गटही असतात. पण शाळा करील म्हणून आपण थांबायचं नाही.

माझं मागणं छोटं आहे. प्रत्येक गटानं एक गणिताची पिशवी शिवावी. जुन्या साडीची चालेल. तिच्यात शंभर चिंचोके, त्यातले दहा एका बाजूनं घासलेले. शंभर काड्या आणि दहा रबर. लग्नपत्रिकेच्या अंकपट्ट्या. खेळण्यातल्या दहाच्या आणि एकाच्या नोटा, किंवा कागदाच्या कापलेल्या. एक खडू. एक दोरी, हाता-विताची मापं घ्यायला. खर्च झालाच तर रबर आणि खडूचा. पिशवी आठवडाभर एका घरी, मग दुसऱ्या घरी. रजिस्टरमध्ये नोंद ठेवा, कुणाकडे आहे. चिंचोके मोजून द्यायचे आणि मोजून घ्यायचे. कर्जाचा हिशोब जसा चोख ठेवतो, तसाच.

आणि मासिक बैठकीत बचत गोळा झाल्यावर दहा मिनिटं यासाठी. एकीनं सांगायचं, माझ्या पोरानं या महिन्यात काय केलं, कुठे अडलं. दुसरीनं सांगायचं, आमच्याकडे असं केलं, जमलं. सहा-सात वर्षांची पोरगी मागे पडते असं दिसलं, तर त्या घरी पिशवी आधी पाठवायची. ऊसतोडीला जाणाऱ्या घरची लेकरं पाच-सहा महिने शाळेबाहेर असतात. त्यांच्यासाठी एक जास्तीची पिशवी करा आणि बांधाबांध करताना त्यांच्या बोचक्यात टाका. वजन काही होत नाही तिचं.

शेवटचं सांगते आणि थांबते.

माझी नात, थोरलीचीच मुलगी, गेल्या सुट्टीत माझ्याकडे होती. महिनाभर चिंचोक्यांशी खेळली. एक दिवस आपली आपण दहा-दहाच्या पाच ओळी मांडल्या, एक उचलून मुठीत लपवला आणि मला म्हणाली, "आजी, सांग किती?" मी मुद्दाम म्हटलं, "एक्कावन्न." ती केवढ्यांदा हसली! म्हणाली, "अगं, एक कमी आहे ना, माझ्या मुठीत आहे बघ."

तिनं हे फोनवर आईला सांगितलं. माझी थोरली थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आई, माझ्या वेळी का नाही दिलेस गं चिंचोके?"

मला उत्तर देता आलं नाही. आजही नाही. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून तुमच्या सगळ्यांच्या हातावर आज मूठभर ठेवलेत. ते इथे टाकून जाऊ नका. पदरात बांधा, घरी न्या, आणि आज रात्रीच लेकरापुढे मांडा.